मांज्याचा गुलाबी

१

ज्या बुधवारी मला कळलं की कुसुमचं चित्र चोरीला गेलं आहे, त्या दिवशी मी घराबाहेर पडणारच नव्हतो. पेपरात आलं होतं की बडोद्यातल्या सुरसागरजवळच्या सभागृहात फोटोंचं प्रदर्शन लागलंय. ती असती तर गेली असती, म्हणून गेलो. दोन हजार सातच्या जानेवारीचा पहिला आठवडा होता. ऑगस्टात ती चार दिवसांच्या तापाने गेली, त्याला पाच महिने होत आले होते.

प्रदर्शनात स्पर्धाही होती. परीक्षकांना नाव कळू नये म्हणून चित्रांखाली फक्त नंबर लावले होते. मी एकेक बघत गेलो आणि एक्केचाळीस नंबरपाशी थांबलो.

गेंडीगेटजवळचा फुटपाथ. दोन खांबांमध्ये ताणलेला पतंगाचा ओला गुलाबी दोरा. दोऱ्यावरून फिरणारा रंगाऱ्याचा हात, कोपरापर्यंत गुलाबी, आणि अंगठ्याला बांधलेली पांढरी चिंधी.

ती चिंधी माझ्या रुमालाची होती. मागच्या उत्तरायणाच्या, पतंगांच्या संक्रांतीच्या, आधी मी कुसुमला स्कूटरवरून तिथे नेलं होतं. मांज्याच्या काचेने रंगाऱ्याचा अंगठा कापला, तेव्हा तिने माझ्या खिशातला रुमाल काढून फाडला आणि बांधला. मग फोटो काढले. मी तोवर बादलीतला रंग बघत होतो. नंदेसरीच्या रंगाच्या कारखान्यात तेहतीस वर्षं मी शेड जुळवायचं काम केलं. दुसरीकडे बघायची सवयच नाही.

"हा रोडामाइन आहे," मी तिला म्हणालो होतो. "याला स्वतःचा उजेड असतो. कागदावर येणार नाही."

"बघू," ती म्हणाली होती.

सभागृहाच्या दाराशी टेबल टाकून प्रतापसिंहराव बसले होते. प्रदर्शन भरवणाऱ्या संस्थेचे अध्यक्ष, वय ऐंशीच्या पुढे. मी त्यांना सांगितलं, "एक्केचाळीस नंबर माझ्या बायकोने काढलंय. ती आता नाही. दुसऱ्या कोणी तरी दिलंय."

"कोणी?"

"ते तुम्ही सांगा."

"नावं लाखबंद पाकिटात आहेत. रविवारी पाचला उघडणार. त्याआधी माझा मुलगा आला तरी नाही." त्यांनी काठी दुसऱ्या हातात घेतली. "पुरावा आहे?"

"घरी सीडी आहे."

"मग आणा, सुभानराव. पाचच्या आत आणा. पहिल्या बक्षिसाचं चित्र यंदा दिनदर्शिकेवर जायचंय. एकदा नाव जाहीर झालं की ते चित्र त्या माणसाचं."

मी घरी आलो, लोखंडी कपाट उघडलं. तिच्या साड्यांच्या खाली सीडीचं पाकीट होतं. वर तिच्या अक्षरात लिहिलं होतं, छापायला.

पाकीट रिकामं होतं.

२

पाच महिन्यांत कुसुमची एकच मोठी वस्तू घरातून बाहेर गेली होती, तिचा कॉम्प्युटर. तो माझा पुतण्या रणवीर मांजलपूरला घेऊन गेला होता. तेराव्याला भिंतीवर लावलेला तिचा फोटोही फ्रेमसकट त्यानेच आणला होता. कपाटापर्यंत हात पोचणारा माणूस मला दुसरा दिसत नव्हता.

गुरुवारी सकाळी मी त्याच्या फ्लॅटची बेल वाजवली.

"काका, या ने. असे अचानक?"

"काकूची सीडी कुठे आहे?"

"कोणती सीडी?"

"कपाटातली. छापायला लिहिलेली."

"मी कपाटाला हातपण नाही लावला."

"कॉम्प्युटर नेलास. त्यात तिचं सगळं होतं."

"कॉम्प्युटर तुम्ही दिलात, काका. मी तर ना पाडत होतो, नको म्हणत होतो. तुम्हीच म्हणालात, त्याचा आवाज घरात नको. फॉरमॅट करू का विचारलं, तर म्हणालात, कर."

हे खरं होतं. मी तसं म्हणालो होतो. त्या दिवसांत मला कोणी काहीही विचारलं तरी मी हो म्हणत होतो.

"स्पर्धेत चित्र दिलंयस?"

"एक दिलंय."

"कितवा नंबर?"

"नंबर सांगायचा नसतो, काका. नियम आहे."

त्याची बायको यशश्री चहाचा ट्रे घेऊन दारात उभी होती. तिच्यासमोर मी म्हणालो, "काकू गेली आणि तू तिची पाटी पुसलीस. तिचं चित्र स्वतःच्या नावावर लावलंस. तिने तुला पोटच्यासारखं मानलं, आणि तू चोर निघालास."

यशश्री ट्रे घेऊन तशीच आत गेली. रणवीर उठला आणि त्याने दार उघडलं.

"तेराव्याला मी तुम्हाला एक गोष्ट सांगत होतो," तो म्हणाला. "तेव्हाही तुम्ही ऐकली नाहीत."

"कोणती?"

"आता नाही सांगत. जा तुम्ही."

स्कूटरवर सगळा रस्ता मी आठवत होतो. तेराव्याला खूप माणसं होती, भटजी होते, पंगत होती. रणवीर फोटोसमोर उभा राहून माझ्याशी काही तरी बोलत होता, एवढंच आठवलं. काय बोलत होता ते आठवलं नाही.

३

शुक्रवारी मी विक्रमसिंहांकडे गेलो. कुसुम ज्या छायाचित्र मंडळात जायची, त्याचे ते वीस वर्षं सचिव. रावपुऱ्यात घर. कुसुम गेल्यावर मंडळातून सगळ्यात जास्त वेळा तेच येऊन गेले होते.

"या, सुभानराव. वहिनींच्या नंतर तुम्ही कुठे दिसतच नाही." त्यांनी चहा मागवला आणि माझं सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग चष्मा काढून पुसला.

"एक्केचाळीस बघितलंय मी. चांगलं आहे. पण गेंडीगेटला दर वर्षी पन्नास जण मांज्याचे फोटो काढतात. मीसुद्धा काढतो. त्या मळकट राखाडी भिंतीपुढे गुलाबी असा काही उठतो की कोणालाही मोह व्हावा."

"रंगाऱ्याच्या अंगठ्याला माझ्या रुमालाची चिंधी आहे."

"पांढरा रुमाल ना? अख्ख्या बडोद्यात तुमच्या एकट्याकडेच असेल."

मला राग आला, पण मुद्दा त्यांचा बरोबर होता. प्रतापसिंहरावही तेच म्हणाले असते.

"राग मानू नका," ते म्हणाले. "मी तुमच्याच बाजूने विचार करतोय. वहिनींची फाइल आणखी कोणाकडे होती? दांडिया बाजारच्या लॅबमधल्या त्या मुलीकडे. स्नेहल. वहिनी दुपारच्या दुपार तिच्याजवळ बसायच्या. कलर प्रोफाइल, सॉफ्ट प्रूफ, काय काय चालायचं. मला विचाराल तर थेरं आहेत सगळी. फाइल द्यायची, मोठी करून घ्यायची, संपलं. फिल्मच्या दिवसांत कुठे होतं हे? पण एक आहे. लॅबमध्ये दिलेली फाइल लॅबमध्ये राहते."

"ती पोरगी कुसुमला काकू म्हणायची."

"तुमचा पुतण्याही काकूच म्हणायचा की."

मी चहा अर्धाच प्यालो. दारापर्यंत सोडायला आले तेव्हा त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "रविवारी काय व्हायचं ते होईल. जिवाला लावून घेऊ नका. वहिनींना नावाची हाव नव्हती."

नव्हती. पण हे चित्र तिला स्पर्धेत द्यायचं होतं, एवढं मला माहीत होतं. जुलैत ती मला म्हणाली होती, "हे एक माझ्या नावाने लागू दे, मग बास." मी पेपर वाचत होतो. मी "छान" म्हणालो होतो.

४

शनिवारी दुपारी मी लॅबमध्ये गेलो. स्नेहल मशीनपाशी होती. मला बघून तिने कॉम्प्युटरजवळची खुर्ची ओढली.

"बसा, काका. काकूंची खुर्ची हीच."

मी उभाच राहिलो. "तिची फाइल तुझ्याकडे आहे?"

"नाही. तीन महिन्यांनी आम्ही डिस्क रिकामी करतो. काकूंची बातमी कळली तेव्हाच कॉपी काढून ठेवायला हवी होती. सुचलं नाही. फार वाईट वाटतं त्याचं."

"स्पर्धेत तू चित्र दिलंयस?"

"मी? मला सरळ फोटो काढता येत नाही, काका. मी दुसऱ्यांचे छापते."

"एक्केचाळीस नंबरला तिचं मांज्याचं चित्र लागलंय. तू बघितलंस?"

तिने नाही म्हणून मान हलवली. आठवडाभर लग्नाच्या अल्बममधून डोकं वर काढलं नव्हतं, म्हणाली. मग विचारलं, "छापलंय? कोणी छापलं? आमच्याकडे तर छापायचंच राहिलं होतं."

तिचा चेहरा मी नीट बघत होतो. मग बसलो. म्हटलं, "तुम्ही दोघी दुपारभर इथे काय करत होतात ते मला सांग. मी कधी विचारलं नाही."

तिने पडद्यावर कोणाचा तरी लग्नाचा फोटो उघडला. शालू लालभडक होता. "पडद्याला उजेड आहे, कागदाला नाही. त्यामुळे पडद्यावर दिसतं ते सगळं कागदाला झेपत नाही. प्रत्येक मशीनची आणि कागदाची झेप वेगळी. ती मोजून एका फाइलमध्ये लिहिलेली असते, ते प्रोफाइल. आता बघा." तिने काही तरी दाबलं. शालू एकदम विटल्यासारखा झाला. "हा माझ्या मॅट कागदावर असा येईल. छापायच्या आधीच कळलं. हे सॉफ्ट प्रूफ. आणि जे रंग बसणारच नाहीत, तिथे हे असे डाग दिसतात."

शालूवर करडे डाग पसरले होते.

"काकूंच्या चित्रात अख्खा दोरा असा करडा झाला होता," ती म्हणाली. "मी म्हटलं, काकू, हा गुलाबी सोडून द्या. त्या म्हणाल्या, आमच्या ह्यांनी पण हेच सांगितलं होतं."

मी खुर्ची पडद्याजवळ ओढली.

"पण सोडलं नाही त्यांनी. आठ दुपारी बसल्या. शेवटी म्हणाल्या, दोऱ्याला ओरडायला लावून उपयोग नाही, आपण भिंतीला गप्प करू. मग भिंतीचा सगळा रंग उतरवला. राख केली तिची. तेव्हा कुठे तेवढाच गुलाबी कागदावर पेटल्यासारखा दिसायला लागला. ते झाल्यावर फाइल माझ्या मशीनसाठी, माझ्या कागदासाठी बदलून सीडीवर घेतली. कागदाचा रोल यायचा होता, म्हणून छापायचं थांबलो. तेवढ्यात..."

"भिंत राखाडीच होती ना?"

"नाही काका. पिवळी होती. हळदीसारखी. तुम्ही गेला होतात ना बरोबर?"

गेलो होतो. तेहतीस वर्षं रंग बघून पोट भरलं, आणि ज्या सकाळी ती तिथे उभी होती तेव्हा तिच्यासमोरची भिंत कुठल्या रंगाची होती हे मला सांगता येत नव्हतं.

"घरच्या कॉम्प्युटरवर कुठली होती?"

"घरी मूळ फोटो. पिवळ्या भिंतीचा. घरच्या पडद्याचे रंग खरे नाहीत, म्हणून त्या सगळं काम इथेच करायच्या. राखाडी भिंत फक्त इथल्या डिस्कवर होती आणि त्या सीडीवर."

मी तिला तशीच स्कूटरवर बसवून सभागृहात नेलं. एक्केचाळीस नंबरसमोर ती आधी जवळ गेली, मग चार पावलं मागे आली, मग खिडकीकडे बघून पुन्हा चित्राकडे बघितलं.

"हे मी छापलेलं नाही," ती म्हणाली. "पण ही फाइल माझ्याच मशीनसाठी बनवलेली आहे."

५

"ते कसं?" मी विचारलं.

"सगळ्या चित्रावर किरमिजी झाक आहे, दिसते? चिंधीवर बघा. पांढरी हवी होती. माझं जुनं मशीन हिरव्याकडे ओढतं. म्हणून फाइल बदलताना प्रोफाइल त्यात थोडा किरमिजी घालतं. माझ्याकडे छापलं की दोन्ही फिटतात आणि पांढरं पांढरं येतं. दुसऱ्या मशीनवर तशीच टाकली की वर घातलेला किरमिजी उघडा पडतो. छापणाऱ्याने प्रोफाइल बघितलंच नाही."

हे मला लगेच कळलं. कारखान्यात एखादा लॉट हिरवा जायला लागला की आम्ही थेंबभर लाल घालायचो. तोच थेंब चांगल्या लॉटमध्ये पडला की माल तांबूस. तो लाल कुठून आला हे शेड जुळवणारा माणूस लांबूनही सांगतो.

म्हणजे चित्र सीडीवरूनच छापलं होतं. स्नेहलने छापलं असतं तर ही झाक आली नसती. रणवीरच्या हाती घरचा कॉम्प्युटर होता, आणि त्यावरचं चित्र पिवळ्या भिंतीचं होतं. पण सीडीही त्यानेच उचलली असेल तर? तो संशय जात नव्हता.

तिथून मी गेंडीगेटला गेलो. उत्तरायण आठवड्यावर आलं होतं आणि फुटपाथभर गुलाबी दोरे ताणलेले होते. तोच रंगारी सापडला. अंगठ्यावर जुना वण होता. त्याच्यामागे मिठाईच्या दुकानाची लांब भिंत होती, हळदीसारखी पिवळी.

"ही नवी रंगवली का?" मी विचारलं.

"ना रे काका. भींत तो पीळी ज छे ने. शेठ दर दिवाळीए पीळो ज मारे छे." मग त्याने मला ओळखलं. "बेन क्यां छे? रूमालवाळां?"

मी सांगितलं. त्याने गुलाबी हात कानाला लावला आणि थोडा वेळ दोरा सोडून उभा राहिला.

त्या भिंतीपुढे उभा राहून मला शुक्रवारचा चहा आठवला. मळकट राखाडी भिंत, विक्रमसिंह म्हणाले होते. दर वर्षी इथे फोटो काढतो, म्हणाले होते.

पण नुसतं चित्र बघूनही माणूस तसं बोलून जाईल. हा पुरावा नव्हता.

वाडीतल्या माझ्या घरी आलो तेव्हा दिवेलागण झाली नव्हती. दार उघडं टाकून कुसुमच्या फोटोसमोर बसलो. उत्तरायणाला गच्चीवर रणवीरने काढलेला तो फोटो. पांढरी साडी, हातात फिरकी, हसतेय. पाच महिने मी हा फोटो बघतोय आणि पाच महिने वाटतंय की ही माझी कुसुम नाही. चेहरा ताप चढल्यासारखा, आजारी. मला वाटायचं, माझेच डोळे बिघडलेत, गेलेल्या माणसाचा फोटो असाच दिसत असेल.

दारातून सरळ उजेड येत होता. मी तिचा चेहरा सोडून तिच्या साडीकडे बघितलं, जसं कारखान्यात पांढऱ्या पट्टीकडे बघायचो तसं.

साडी पांढरी नव्हती. किरमिजी झाक होती. तोच थेंब होता.

६

तेव्हा आठवलं. तेराव्याला या फोटोसमोर उभा राहून रणवीर म्हणत होता, "काका, काकूचा रंग बरोबर नाही आलाय. मी काढला तेव्हा असा नव्हता. मूळ माझ्याकडे आहे, परत छापूया." आणि मी म्हणालो होतो, "ही वेळ आहे का?"

ज्याने स्वतः वाईट छापलं तो स्वतःहून रंग चुकला असं सांगत नाही. मग हा फोटो कोणी छापला? ज्याने हा छापला त्याच्याकडे सीडी होती. कुसुमने तिचा हा फोटोही त्याच सीडीवर घेतला असणार.

मी फ्रेम उतरवली. मागे मांडवीच्या फ्रेमवाल्याची चिठ्ठी होती.

रविवारी सकाळी मी बापूंच्या दुकानात होतो. मांडवीत अर्ध्या गावाच्या देवांना आणि गेलेल्यांना फ्रेम घालणारा माणूस.

"बेसो, बेसो," ते म्हणाले. "काच फुटली काय?"

"नाही. हा फोटो तुमच्याकडे कोणी आणला, आठवतंय?"

"तुमचा पुतण्या घेऊन गेला की."

"घेऊन गेला. आणला कोणी?"

बापूंनी फ्रेम उलटी केली, पुन्हा सुलटी केली. "विक्रमसिंह. अहमदाबादहून छापून आणलाय म्हणाले, इथले लॅबवाले वेळ लावतात. घाई होती, तेरावा होता ना. म्हणाले, सुभानरावांचा पुतण्या येईल, त्याला द्या. अजून एक गुंडाळी होती त्यांच्या हातात. मी म्हटलं, हीपण घालू का फ्रेममध्ये? म्हणाले, ती नंतर."

साडेचारला मी सभागृहात पोचलो. फ्रेम कुसुमच्या शालीत गुंडाळून आणली होती. स्नेहल आली होती. विक्रमसिंह स्टुलावर उभे राहून एक तिरकं चित्र सरळ करत होते. मी प्रतापसिंहरावांना म्हणालो, "पाचला अर्धा तास आहे. मला पंधरा मिनिटं द्या. आणि विक्रमसिंहांनाही बोलवा, ते जाणकार आहेत."

आम्ही चौघं एक्केचाळीस नंबरसमोर उभे राहिलो.

"विक्रमसिंह," मी म्हणालो, "ही जागा तुमच्या माहितीतली आहे ना?"

"शुक्रवारी सांगितलं की तुम्हाला."

"अध्यक्षांना सांगा. भिंत कुठल्या रंगाची आहे?"

"चित्रात आहे तशी."

"म्हणजे?"

"राखाडी," ते म्हणाले. "हे काय चाललंय?"

"पिवळी आहे. हळदीसारखी. गेली कित्येक वर्षं पिवळी आहे. स्कूटरवर दहा मिनिटं लागतील, अध्यक्षांनी माणूस पाठवावा. माझ्या बायकोने कागदावर गुलाबी उठावा म्हणून ती राखाडी केली. जो तिथे उभा होता त्याला ती पिवळी माहीत आहे. ज्याने फक्त तिची फाइल बघितली त्याला राखाडी."

"मी फक्त चित्राबद्दल बोललो. चित्रात राखाडीच दिसतेय."

"मान्य," मी म्हणालो आणि शाल सोडली. एक्केचाळीसच्या शेजारी, खिडकीच्या उजेडात, कुसुम धरली. "आता साडी बघा आणि ती चिंधी बघा. दोन्ही पांढऱ्या हव्यात. स्नेहल, सांग."

स्नेहलने सांगितलं, मला सांगितलं होतं तसंच. प्रतापसिंहरावांनी चष्मा वर करून आधी चिंधी बघितली, मग साडी. बराच वेळ बघितलं.

"एकच रंग चढलाय दोन्हींवर," ते म्हणाले.

"कारण दोन्ही चित्रं एका सीडीवर होती आणि एकाच ठिकाणी छापली. हा फोटो अहमदाबादहून कोणी छापून आणला ते मांडवीचे बापू सांगतील. आणि विक्रमसिंहांना नाही म्हणायचं असेल तर त्यांनी आत्ता म्हणावं."

विक्रमसिंह स्टुलाला टेकले. मला वाटलं, आता चिडतील. चिडले नाहीत.

"सीडी मी चोरली नाही, सुभानराव," ते म्हणाले. "तुम्ही दिलीत. तिसऱ्या दिवशी मी आलो होतो, म्हटलं, वहिनींचा चांगला फोटो आहे का, मोठा करून आणतो. तुम्ही कपाट उघडून दिलंत आणि तोंड फिरवून बसलात. मी पाकिटातली सीडी काढली, पाकीट परत ठेवलं."

मला ते आठवत नव्हतं. पण ते खरं असणार, हे मला कळलं.

"फोटो छापायला घेतला तर त्यात हे दुसरं निघालं," ते म्हणाले. "वीस वर्षं मी या गावात दुसऱ्यांच्या चित्रांना खिळे ठोकतोय. हातात कॅमेरा येऊन दोन वर्षं झालेल्या बाईने हे काढलं. वाटलं, आता त्यांना काय फरक पडतो."

"मला पडतो," मी म्हणालो.

प्रतापसिंहराव टेबलाकडे गेले. पाचला दहा मिनिटं होती. त्यांनी लाख फोडली, यादी काढली, एक्केचाळीसपुढचं नाव वाचलं आणि कोणाला न दाखवता पेनाने खोडलं. मग म्हणाले, "बक्षीस देता येणार नाही. प्रवेशिका स्वतः द्यायची असा नियम आहे. नाव मात्र लागेल. सांगा, कसं लिहू?"

मी सांगितलं. त्यांच्या थरथरत्या अक्षरात तिच्या पूर्ण नावाची चिठ्ठी तयार झाली आणि स्नेहलने ती चित्राखाली चिकटवली. पाच वाजता लोक आत आले. काही जण त्या चित्रापाशी थांबले. कुसुमावती म्हणजे कोण, असं एकीने विचारलं. मी सांगितलं.

रणवीरचं चित्र बारा नंबरचं निघालं. कमाटी बागेतला बाकडा, त्यावर कोणी नाही. तो बक्षीस समारंभाला आला नाही.

७

विक्रमसिंहांनी दुसऱ्या दिवशी सीडी आणून दिली. आत आले नाहीत. त्यांच्यावर मी तक्रार केलेली नाही.

सीडी घेऊन मी स्नेहलकडे गेलो. तिने ती तपासली आणि खरं ते सांगितलं. ही फाइल ज्या मॅट कागदासाठी केली होती तो कागद दिवाळीपासून येत नाही. नव्या कागदासाठी नवं प्रोफाइल तिने बनवलंय, त्यावर मांज्याचं चित्र बऱ्यापैकी येईल, पण कागदात बसवताना जो रंग एकदा कापला तो परत येत नाही. त्यासाठी पिवळ्या भिंतीचं मूळ लागलं असतं. ते मीच पुसायला सांगितलं.

कुसुमच्या फोटोचं मूळ मात्र आहे. ते रणवीरकडे आहे. स्नेहल म्हणते, "तेवढं आणा, काका. दोन दुपारी बसू. साडी पांढरी करून देते."

आता महिना होऊन गेला. फ्रेम परत भिंतीवर आहे, त्याच झाकेची. मांजलपूर माझ्या घरापासून वीस मिनिटांवर आहे. मी अजून गेलेलो नाही.